आजोबा पडायचे

बसवालीच्या घराण्यात आजोबांबद्दल दोनच शब्दांची माहिती होती. आजोबा पडायचे. कुठे पडायचे, कशाने पडायचे, कधीपासून, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण पडायचे हे नक्की, कारण ते खुद्द आजीने सांगितलं होतं. शिवाय 'पडले' नव्हे, 'पडायचे'. एकदा पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो आणि विषय मिटतो. पडायचे म्हणजे रोजचं दुखणं. घरातल्यांनी त्याचा एकच अर्थ लावला, की आजोबांना फिट यायची आणि ती आता सगळ्यांच्या रक्तात दबा धरून बसली आहे.

त्यामुळे या घरात कुणी स्टुलावर चढलं नाही. बल्ब गेला की शेजाऱ्याला हाक. कुणी पोहायला शिकलं नाही, कुणी सायकल घेतली नाही, आणि खरं सांगायचं तर कुणी प्रेमातसुद्धा पडलं नाही, सगळी लग्नं ठरवून झाली. बसवालीचे बाबा घड्याळं दुरुस्त करायचे, कारण ते बसून करायचं काम. एकदाही न पडता म्हातारे झाले, तरी रस्त्याने जाताना त्यांचा एक हात भिंतीला लागलेला असायचा. भिंत संपली की ते कुंपण धरत, कुंपण संपलं की लेकीचा दंड.

दोष त्यांचा नव्हता. ते अगदी लहान असताना आजोबा तापाने गेले आणि आजी मुलाला घेऊन आपल्या भावाकडे राहायला आली. हा मामा शाळेत हेडमास्तर होता आणि घरातही हेडमास्तरच होता. भाच्याच्या वडिलांचा विषय त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. पोराने हळूच आईला विचारलं, "बाबा काय करायचे गं?" की आई म्हणायची, "पडायचे." आणि भिंतीकडे तोंड फिरवायची. मग तिचे खांदे हलत राहायचे. आई किती रडते हे पाहून पोराने पुढे विचारायचं सोडलं.

आजीने मागे ठेवलेली वस्तूही एकच होती. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत येईल असा, आतून जाड कापूस भरलेला एक कपडा. कोपरांना कापूस, कंबरेला कापूस, बसायच्या जागी तर दुप्पट कापूस आणि त्यावर दोन मोठी ठिगळं. बिचारे पडायचे ना, लागू नये म्हणून आजीने मायेने शिवलं होतं. बाबा तो कपडा दरवर्षी उन्हात घालत आणि डोळे पुसत घडी करून ठेवत.

अशा घरातली पोरगी बस चालवायला लागली याचं सगळ्यांना नवल वाटलं. पण तिचं म्हणणं सरळ होतं: बस जमिनीवरूनच जाते आणि चालवायची बसूनच असते. काम तिला जिवापाड आवडायचं. एवढं मोठं धूड आपण वळवू तसं वळतं, याचं सुख ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आणि एके दिवशी, उपाशीपोटी दुसरी पाळी करून डेपोत उतरताना तिला चक्कर आली. दोन मिनिटांत उठली, पाणी प्यायली, हसली. पण नियम तो नियम, डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर भला माणूस होता. तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या. सही करायला पेन उघडलं आणि सहज विचारलं, "घरात कुणाला फिट वगैरे?"

ती 'नाही' म्हणाली असती तर काम झालं असतं. पण शेजारी बाबा बसले होते, आणि बाबांना खोटं म्हणजे पाप. "माझे वडील पडायचे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी पेन मिटलं. "मग मला घाई करता येणार नाही. बसमध्ये पन्नास माणसं असतात. कितव्या वर्षी सुरू झालं, शुद्ध जायची का, नीट माहिती आणा. नाहीतर स्टिअरिंग विसरा."

डेपोने तिला सामानाच्या खोलीत बसवलं. नटबोल्ट मोजताना बाहेर स्वतःची बस दुसराच कुणी काढतोय, गिअर खर्रकन ओढतोय, हे ऐकून तिचा जीव तीळतीळ तुटायचा. बाबांशी तिने बोलणं टाकलं नाही, पण कमी केलं. बाबांनाही ते कळत होतं. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवायला म्हणून त्यांनी तो कापसाचा कपडा पिशवीत घातला. आजाराचा पुरावा. बापलेक बसने निघाले, ती पहिल्यांदाच उतारूंच्या बाकावर.

समोर झुलेवाली आजी बसली होती. ही शेवटच्या थांब्याजवळ राहायची; तरुणपणी सर्कशीत झुल्यावर काम केलेली, नव्वदीतही बसचा दांडा मनगट वळवून धरणारी. तिची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या बाहीवर गेली.

"ही गादी तुमच्याकडे कुठून आली?"

"गादी नाही आजी, माझ्या आजोबांचा कपडा आहे," बसवाली म्हणाली. "आजारी असायचे ते."

"आजारी कसले?" म्हातारीने बाही ओढून कोपर चाचपला. "ही पडणाऱ्याची गादी. आमच्या तंबूत चढणारे ढिगाने होते, झेलणारेही होते. पडणारा एकच. त्याला धप्पा म्हणायचो. मी एवढीशी होते तेव्हा."

"त्यांना फिट यायची का?"

"फिट? अगं, दिवसातून दोन वेळा पडायचा, सुट्टीच्या दिवशी तीन वेळा. तिकीट लावून."

डॉक्टरांचा थांबा आला आणि मागे गेला, तिघांपैकी कुणी उठलं नाही.

"मग सिनेमावाले आले," झुलेवाली सांगत होती. "तेव्हाचा सिनेमा मुका. नायकाला थोबाड जपायचं असायचं, मग जिन्यावरून, घोड्यावरून, छपरावरून पडायला हा. बायकोला घेऊन गेला तो गेलाच. तोल असा, की तारेवरची बाईसुद्धा त्याच्याकडून शिकायची."

बसवालीच्या छातीवरचं ओझं अर्धं उतरलं. बाबांचं मात्र तोंड उतरलं. आयुष्यभर ज्या दुखण्याला सांभाळलं ते एका बसच्या फेरीत हातचं जातंय, हे त्यांना पेलवेना. "धप्पा म्हणजे माझेच वडील कशावरून?" ते म्हणाले. "आईने हे जुन्या बाजारातून आणलं असेल. म्हातारं माणूस बोलतं काहीही."

"म्हातारं माणूस तुम्हीही आहात," झुलेवाली म्हणाली. "जुन्या फिती ठेवतात तिथे जा आणि डोळ्यांनी बघा."

जुन्या फितींचं कोठार एका लांबलचक, थंडगार इमारतीत होतं. फिती सांभाळणारा माणूस स्वेटरवर स्वेटर घालून बसला होता आणि त्याला सर्दी झाली होती. बसवालीने 'धप्पा' म्हटल्यावर तो नाक पुसत म्हणाला, "पडणाऱ्याचं नाव कोण लिहितं, बाई? एक जण आहे. आम्ही त्याला जिनेवाला म्हणतो. पण त्याचा चेहरा कधी दिसत नाही. नायकाच्या बदली पडतो ना, तोंड लपवून."

"पाठ दिसते?"

"पाठ भरपूर दिसते."

त्याने दिवा मालवला. भिंतीवरच्या पडद्यावर एक नायक जिना चढून गेला, नायिकेचा हात धरला, तेवढ्यात तिचा बाप काठी घेऊन आला. पुढच्याच क्षणी नायक अचानक अंगाने भरला आणि खाली यायला लागला. डोक्यावर, पाठीवर, पुन्हा डोक्यावर, वाटेत एक कुंडी आणि एक खुर्ची सोबत घेऊन. शेवटच्या पायरीवर खिळ्यात अडकून विजार टर्रकन फाटली. आत दोन ठिगळं. एक चौकटीचं, एक मोठ्या फुलाचं, आणि फूल उलटं लावलेलं.

बसवालीने पिशवीतला कपडा काढून यंत्राच्या उजेडात धरला. चौकट. फूल. उलटं. नातीने आजोबांना पहिल्यांदा पाहिलं ते असं.

डॉक्टरांचं इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच जीव टांगणीला नको. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "मग, आजोबा?" ती म्हणाली, "पडायचे. पगारी." डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली, दोनदा चष्मा पुसला आणि सही केली. बजावलं ते एवढंच, की पोटात काही घातल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

पण त्या थंड खोलीत फीत अजून संपली नव्हती. पडून झाल्यावरचा तुकडा कुणीतरी कापायचा विसरला होता. जिनेवाला कॅमेऱ्याकडे पाठ करून उठला, गुडघे झटकले, फाटक्या विजारीवर हात ठेवून कडेला गेला. तिथे, पडद्याच्या अगदी कोपऱ्यात, एक बाई सुईदोरा घेऊन स्टुलावर बसली होती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले.

त्याने बाईच्या खांद्याला हात लावला. ती वळली. तोंडावर हात, डोळ्यांतून पाणी, आणि हसू इतकं, की तिला सुईत दोरा ओवता येईना. ती त्याच्या फाटक्या विजारीकडे बोट दाखवून पुन्हा हसायला लागली, आणि तोही हसायला लागला, चेहरा आता पुरता कॅमेऱ्याकडे. कान थेट बाबांचे. मग पडदा पांढरा झाला.

खोलीत फक्त यंत्राची घरघर. बसवालीने अंधारात बाबांचा दंड शोधला.

"आई रडत नव्हती गं," बाबा म्हणाले.

"हो, बाबा."

"इतकी वर्षं मला वाटलं, मी विचारतो म्हणून ती रडते. म्हणून विचारायचं सोडलं मी." "विचारत राहिलो असतो, तर रोज हसली असती."

तेवढ्यात बाबांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. ती घाबरून जवळ वाकली, तर ते हसत होते. फिती सांभाळणाऱ्याने दिव्याकडे हात नेला.

"थांबा," बाबा म्हणाले. "ते पडतात तिथून परत लावा." आणि नीट दिसावं म्हणून ते उठून खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले, कशालाही न धरता.