गुड्डी रडली आणि भोंगा गप्प झाला

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हळू बोलायची मला सवय नाही, तेव्हा कानांवर हात ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण माझं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय जाऊ नका. सध्या मी सिल्वासाच्या बाजारात, एका कपड्यांच्या दुकानाच्या माळ्यावर फुटक्या पुतळ्यांशेजारी पडून आहे. "एका बाईनं त्याचं तोंड बंद केलं," असं लोक हसत सांगतात. केलं! आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी मंडपवाल्याकडे होतो. लग्न असो, गणपती असो, आमच्या मुलखाच्या मुक्तिदिनाची कवायत असो, माझ्यावाचून पान हलत नसे. माझा आवाज पार डोंगरातल्या दुधनीच्या जलाशयापर्यंत जातो, असं लोक म्हणायचे. ती शुद्ध थाप होती, पण मला फार आवडायची. पुढे एकदा खांबावरून पडलो, काठ चेपला आणि मंडपवाल्याचं प्रेम आटलं. मग कपड्यांच्या दुकानाच्या कल्पेशनं मला घेतलं. सकाळपासून रात्रीपर्यंत मी फ्रॉक आणि बनियनचे भाव ओरडू लागलो. गुजराती, हिंदी, मराठी, तिन्ही भाषांत मी बाजाराचं डोकं खाल्लं. पण "अरे, जरा हळू" असं मला कोणी म्हणून म्हटलं नाही.

असाच एक रविवार होता. कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे सारं गाव बाजारात लोटलेलं. त्या गर्दीतून जया आली. ती धाग्याच्या कंपनीत कामाला, टोकरखाड्याला भाड्याच्या खोलीत राहणारी. कडेवर अडीच वर्षांची गुड्डी, आणि बरोबर धुळ्याकडून आलेल्या सासूबाई, पुतळाबाई. नातीला दोन फ्रॉक घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं तिला गावी न्यायचं, असं ठरलं होतं. दिवसभर कंपनीत राबणारी बाई पोर काय सांभाळणार, असं सगळ्या घराचं मत. जयाचा नवरा नीलेशही हो म्हणून बसला होता. जयाला कोणी विचारलंच नव्हतं.

दुकानाच्या पायरीवर जयानं गुड्डीला केळं सोलून दिलं. ते हातातच मोडलं. झालं! गुड्डीनं जमिनीवर अंग टाकलं आणि असा सूर लावला की माझीही छाती दडपली.

लगेच लोक जमले. एकानं सांगितलं, मोबाइल द्या. एका बाईनं सांगितलं, पाठीत एक धपाटा घाला. कोणी पोलिसाची भीती घातली. पुतळाबाईंनी दुसरं केळं पुढे केलं, ते गुड्डीनं भिरकावून दिलं.

"पाह्य, भर बाजारात अब्रू काढते पोर!" पुतळाबाई कडाडल्या. "तुले नही जमायचं जया. माझ्याकडे महिनाभरात सुधरून जाईन ती."

आणि वरून मी किंचाळतच होतो. जयानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तशा नजरेनं मला आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, हा भोंगा बंद करा जरा."

"अरे बेन, संडे आहे! धंद्याचा टाइम!" कल्पेश म्हणाला. "तुम्ही बेबीला चूप करा ना."

"ती अडीच वर्षांची आहे. तिला बटण नाही. तुमच्या भोंग्याला आहे."

कल्पेश नुसता हसला. तेव्हा जयानं सरळ दुकानात हात घालून माझी वायर उपटली.

मित्रांनो, त्या गप्पपणात मला गुड्डीचं रडणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. त्यात हट्ट थोडा होता, थकवा फार होता. जया धुळीत तिच्यासमोर बसली. "केळं मोडलं ना? अख्खं पाहिजे होतं ना? रड. मी हितंच बसली आहे." गुड्डीनं तिला मारलं. जयानं तो हात धरला आणि म्हणाली, "मारायचं नाही. रडायचं तेवढं रड." धपाटा नाही, आमिष नाही, मोबाइल नाही. लोक कंटाळून पांगले. रडणं मुसमुसण्यावर आलं, आणि गुड्डी आपण होऊन आईच्या कुशीत शिरली.

कल्पेश वायर जोडायला आला, तर पुतळाबाई आडव्या आल्या. "थांब रे. डोळा लागतोय लेकराचा." मग सुनेला म्हणाल्या, "उठ आता. गाडीचा टाइम झाला."

"आई, ती येणार नाही."

"माझ्याकडे गप्प राहीन ती."

"मले माहीत आहे," जया म्हणाली. "शेजारच्या काकूंकडे पण दिवसभर गप्पच राहते. मी कामावरून आली की मंग रडते. रडायले तिले मीच लागते, आई. म्हणूनच नाही पाठवणार."

पुतळाबाई एकट्याच गाडीला गेल्या. सून फार शेफारली, असं पुटपुटतच गेल्या. बाईनं गप्प केलेला भोंगा नको म्हणून कल्पेशनं रागानं नवा चौकोनी स्पीकर आणला आणि मला माळ्यावर फेकलं.

मित्रांनो, कधी मला खाली काढून पुसलंत तर बरं वाटेल. भावही ओरडीन, माझी ना नाही. पण खाली एखादं लेकरू रडत असेल आणि त्याची आई शेजारी बसली असेल, तर तिला शिकवायला जाऊ नका. आधी माझी वायर काढा. धंदा थांबेल घटकाभर. थांबू द्या!