सराव पाठ क्रमांक सतरा

आईच्या शोकसभेत कुलगुरू गोरखसर पाचच मिनिटं बोलले. प्रमिलाबाई चहा फक्कड करायच्या, एवढंच त्यांना आठवलं. अनुया पहिल्या रांगेत होती. तिने हात जोडले आणि मनाशी खूणगाठ बांधली.

पनवेलचं हे विद्यापीठ मुळात मास्तर घडवणारं अध्यापक विद्यालय. आईने तिथे एकतीस वर्षं सराव पाठ तपासले, विद्यार्थी असताना गोरखसरांचेही. तळोज्याकडच्या वीटभट्ट्या पालथ्या घालून तिने कातकरी मुलांचे शब्द गोळा केले, त्यांतून वाचन शिकवायची रीत बसवली. ती रीत गोरखसरांच्या नावाने पुस्तकात आली आणि त्या पुस्तकाच्या जोरावर ते कुलगुरूंच्या खुर्चीपर्यंत पोचले. आई म्हणायची, जाऊ दे. अनुयाने जाऊ दिलं नव्हतं.

विद्यापीठाने जुन्या वस्तूंचं दालन मांडायचं ठरवलं, तेव्हा तिने आईची निरीक्षणवही दिली. सोबतच्या पत्रात एकच अट होती: वही कायम सराव पाठ क्रमांक सतराच्या पानावरच उघडी राहील. सरांनी सही ठोकली. न वाचता सही करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे.

उद्घाटनाला जुने विद्यार्थी लोटले. काचेखालचं पान पाहताच सर पुढे सरकू लागले.

"सर, शिरस्ता विसरलात?" अनुया शांतपणे म्हणाली. "ज्याचा पाठ, त्यानेच उभं राहून शेरा वाचायचा."

"वाच रे गोरख," त्यांच्या वर्गातल्या, आपटा गावच्या ठमाबाई मागून म्हणाल्या. "आमी काय कमी शेरे वाचले?"

सगळे हसले. आता माघार नव्हती.

"पाठाचं टाचण माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे," सर वाचू लागले. "शब्दही माझेच. स्वतः भट्टीवर जा, मुलांशी बोला. पाठ पुन्हा घ्या."

"खालची ओळ राहिली," अनुया म्हणाली.

"चूक मान्य." मग आपली सहीही वाचावी लागली. "गोरख."

शेजारच्या पानावर आईने भट्ट्यांवर गोळा केलेल्या शब्दांची यादी होती. ठमाबाईंनी चष्मा लावून ती वाचली.

"हेच शब्द तुज्या पुस्तकात हायत ना रे?"

कुणी हसलं नाही. सर अनुयाच्या कानाशी वाकून म्हणाले, की वही तूर्तास आत ठेवू, निवांत बोलू.

"पान उलटायचं नाही, सर. तुमचीच सही आहे." तिने दाराकडे हात केला. "चला, चहा तयार आहे. आईच्या हातचा मात्र नाही."