हिवरखेडचा शिल्लक माल

अमरावतीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात संत्र्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके बनत, आणि ते गावोगावच्या डेपोंवर पोचवायचं काम साधनाकडे होतं. यंदा तिने शेठजींना सांगून दोन रीती एकाच वेळी चालवून पाहिल्या. वलगावला पहिल्यासारखी दर सोमवारी गाडी; हिवरखेडला मात्र संगणकात साठा दोनशेच्या खाली गेला तरच. तीन महिन्यांत हिवरखेडला एकही खेप गेली नाही. डिझेल वाचलं, शेठजी खूश. आता सगळेच डेपो नव्या रीतीवर न्यायचे होते. त्याआधी एकदा डोळ्यांनी पाहून यावं, म्हणून ती हिवरखेडला गेली.

डेपो तो सांभाळणाऱ्या नत्थुजींच्या घरालगतच्या खोलीत होता. दारात बागायतदार तानुबाईंची संत्र्याने भरलेली गाडी उभी होती. आंबिया बहाराच्या फळांची तोड आजच सुरू झाली होती; तोवर खोके कोणाला लागलेच नव्हते. आत घडी घातलेल्या खोक्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले. संगणकात सहाशे, इथंही सहाशे. साधनाला बरं वाटलं. तिने समोरच्या गठ्ठ्याला हात घातला.

हात कोपरापर्यंत आत गेला.

अख्खी रास भुसभुशीत मातीसारखी खाली बसली आणि पांढरी वाळवी तिच्या पावलांवर सांडली. साधना किंचाळून मागे सरली.

"अरे बापा!" नत्थुजी भिंतीला टेकले. "सारीच उदई लागली!"

"तुमी कधी हात नाही लावला याले?" साधनाने विचारलं.

"मी कायले लावू? अश्विन डायवर दर सोमवारी गाडी घेऊन ये, तं जुना माल पुढं काढे, नवा मागं ठेवे. गाडीच बंद झाली. तुमीच त सांगतलं मॅडम, मशीनले सारं समजते."

वाळवी धरू न देणारं ड्रायव्हरचं ते उचलणं-ठेवणं साधनाच्या तक्त्यात कुठंच नव्हतं.

"बाई, मी संत्रा कायच्यात भरू?" तानुबाईंनी विचारलं.

साधनाने अकोल्याच्या डेपोला फोन लावला. तिथं गाडी घेऊन गेलेला अश्विन तीनशे खोके घेऊन निघाला. पोचेस्तोवर चार वाजले. तोवर तानुबाईंनी निम्मा संत्रा व्यापाऱ्याला पडत्या भावात सुटाच देऊन टाकला होता. उरलेला त्यांनी नव्या खोक्यांत भरला.

मग तिने शेठजींना फोन केला.

"हिवरखेडला सहाशे नाहीत. एकही नाही. चूक माझी आहे."



"बाकीचे डेपो?" शेठजींनी हळूच विचारलं.

"ते जुन्याच रीतीवर राहू द्या. वलगावची गाडी चालूच ठेवा," ती म्हणाली. "आणि हिवरखेडला येत्या सोमवारपासून पुन्हा पाठवते."