नव्या इंजिनाला जुना हात

आधीच सांगून ठेवते मित्रांनो, मला कुणी डबडं म्हणायचं नाही. मी एक जुनी, चपट्या नाकाची, पिवळी गाडी आहे आणि बेकरीचा पाव घरोघर पोचवण्यात माझा जन्म गेला. माझा हॉर्न ऐकला की मुलं अंथरुणातून उठून दाराशी यायची. तेव्हा माझा काय थाट होता! माझ्या ड्रायव्हरला त्यांची मुलगी बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. सकाळी मला पुसल्याशिवाय ते चावी फिरवत नसत.

पुढे एका चढावर माझ्या इंजिनानं कायमची मान टाकली. बेकरीवाल्यानं नवी गाडी घेतली, तिच्यावर तरुण ड्रायव्हर ठेवला आणि मला बाबांच्या गळ्यात मारलं. बाबांची मुलगी मिस्त्री. तिच्या गॅरेजमागे मी धूळ खात पडले. एका मांजरीनं तर माझ्या सीटवर बाळंतपण उरकलं. बाबांचंही काम गेलं होतं. ते रोज संध्याकाळी यायचे आणि माझ्यात नुसते बसून राहायचे.

भंगारवाला टपलेलाच होता. मुलगी त्याला म्हणाली, "एकदा शेवटचा प्रयत्न करते. नाही जमलं, तर घेऊन जा."

अपघातात नाक चेपलेल्या एका नव्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स तिनं आणले. ते माझ्या पोटात मावेनात. मग तिनं माझा पत्रा कापला, नवे ब्रॅकेट वेल्ड केले, वायरींचं जंजाळ जोडलं. मला खरंच भीती वाटत होती. एवढं सगळं बदलल्यावर मी मीच राहीन का? गिअरचा दांडा कुठून काढायचा, हे मात्र तिनं टेपनं मोजलं नाही. तिनं बाबांना सीटवर बसवलं. "डोळे मिटा आणि गिअर टाका." त्यांचा हात हवेत जिथे थांबला, तिथे तिनं दांडा वाकवून आणला.

इंजिन एका फटक्यात सुरू झालं. बाबांनी ऐटीत पहिला गिअर टाकला आणि मी धाडकन मागे जाऊन भंगारवाल्याच्या हातगाडीवर आदळले. जुना पहिला गिअर जिथे पडायचा, तिथे या नव्यात रिव्हर्स होता. भंगारवाला पोट धरून हसला. बाबा मात्र खाली उतरले.

"गाडी चांगली झालीये गं. माझंच वय झालं. दे त्याला."



"बाबा, तुमचा हात बरोबरच गेला," मुलगी म्हणाली. "दांडा कुठे हवा ते मी विचारलं. पहिला कुठे टाकता, ते विचारायचं माझंच राहिलं."

तिनं दांड्याला एक कडी बसवली. ती वर ओढल्याशिवाय रिव्हर्स लागतच नाही. बाबा पुन्हा बसले. हात सवयीनं तिकडेच गेला, अडला, आणि मग सरकून पहिल्यात पडला. मी पुढे निघाले. गॅरेजचं फाटक मागे पडलं तरी बाबा काही थांबेनात.

नवी गाडी जिथवर पोचत नाही, त्या लांबच्या वस्तीची फेरी आता बेकरीवाल्यानं आम्हाला दिली आहे. बाबांचा हात अजूनही आधी चुकतो, कडीवर अडतो, आणि ते मला म्हणतात, "हो गं बाई, कळलं."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा. पण त्या ज्यांच्या हातात जायच्या, त्यांनाही शेजारी बसून विचारा. मला इंजिन कुणाचंही चाललं असतं. ड्रायव्हर मात्र हाच हवा होता.