जोडीला कोण

हे लिहिणारच नव्हतो. मित्राच्या घरातलं कशाला चव्हाट्यावर आणायचं, असं वाटत होतं. पण राग काही बसेना, म्हणून टाइप करतोय.

शेवगावच्या कोर्टासमोर चहाच्या गाड्यावर अमृत मला साक्ष शिकवत होता. त्याच्या बायकोनं, सवितानं, घटस्फोटाची केस टाकलीय. यानं उलटा अर्ज केला, सहा वर्षांच्या सुकन्याचा ताबा मला द्या म्हणून.

"एवढंच म्हनायचं, कल्या. पोरगी उसाच्या फडात बेवारस पडलेली हुती. तू ट्रॅक्टर घेऊन गेल्ता. तू बघितलं."

"बेवारस न्हवती."

"आरं, म्हनायला काय जातंय तुझं?"

"आन् पोरगी घेऊन तू करनार काय? तिची येनी तरी घालता येती का तुला?"

तो हसला. "मला कुठं सांभाळायचीय? पोरगी हिकडं आली का तिची आई गपगुमान मागं येती. केसबिस समदी इसरती."

मी ग्लास गाड्यावर आपटला. चहावाला बघायला लागला.

"पोरीचं दावं करून बायको बांधतो व्हय रं?"

"लई शाना झालास. तुझा ट्रॅक्टर पलटी झाला तवा दवाखान्यात कोन बसलं हुतं? तुझा मामा?"

तोच बसला होता. खरंय ते. म्हणूनच जास्त चीड आली.

"वकिलानं समदं बसवलंय," तो म्हणाला. "आई हायच की घरी. आजी सांभाळती म्हनून सांगायचं."

इथं माझं डोकं फिरलं. मागच्या हंगामात हा मुकादमाशी भांडून फडातून निघून गेला. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकटीला कोण ठेवतंय? मुकादम माझ्यासमोर सविताला म्हणाला, जोडीदार आण, नाहीतर खोपी मोकळी कर.

"तू पळाला, तवा तुझी आई कुठं हुती रं?"

"ताईकडं. पाथर्डीला."

"फडात हुती रंगुकाकी. सविताच्या जोडीला. सून तोडायची, सासू मोळ्या बांधायची, आन् सुकन्या दोघींच्या मधी उसाच्या हिरव्या वाढ्याच्या ढिगावर बसायची. त्यांचाच ऊस भरून नेत हुतो मी."

"खोटं."

"इचार की तिला."

अमृतनं मोबाईल काढला. आईचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आधीच कट केला. मग बराच वेळ स्क्रीन शर्टाला पुसत बसला.

"तू साक्षीला येनार ना पन?" आवाज पार बारीक झाला होता त्याचा.

"येतो की. शब्द देतो तुला," मी म्हणालो. "तू न्हाई बोलावलं, सविताच्या वकिलानं बोलावलं, तरीबी येतो."