लाल गाडीतला भोसरीचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू आहे. पितळेचा, करंगळीच्या पेराएवढा. डोक्यावर एक खाच, गळ्यात एक बारकी स्प्रिंग. हसू नका बरं का! मी राहतो कुठं ते आधी ऐका. चिखलीत हिंदुराव नावाच्या माणसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लाल, दोन सीटची, विलायती स्पोर्ट्स कार उभी असते. रस्त्यानं निघाली की रिक्षावालेसुद्धा मान वळवून बघतात. त्या गाडीच्या इंजिनात, कार्बोरेटरच्या कुशीला मी राहतो.

गाडी सुसाट पळते तेव्हा सगळी वाहवा इंजिनाची होते. मी तेव्हा नुसता बसून असतो. पण सिग्नल लागला, ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की माझं काम सुरू. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक पत्र्याची झडप असते. पाय उचलला की ती मिटू लागते. पूर्ण मिटली तर इंजिन गुदमरून बंद पडायचं. म्हणून झडपेचा लिव्हर येऊन माझ्या टोकावर टेकतो आणि मी ती झडप किंचित उघडी धरून ठेवतो. मला आत पिळलं की उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरतं, बाहेर काढलं की मंद होतं. गॅरेजवाले याला आयडलिंग म्हणतात. मी याला गाडीचा श्वास म्हणतो. कुणी म्हणो न म्हणो, मी म्हणतो.

आता एक गंमत सांगतो. गाडी विलायती असली तरी मी अस्सल भोसरीचा आहे! हिंदुरावांनी ही गाडी भंगारातून उचलून आणली तेव्हा तिचा मूळ स्क्रू कुठंतरी पडून गेला होता. तसला स्क्रू कुठं मिळेना. तेव्हा त्यांचा दापोडीचा दोस्त बुद्धरत्न भोसरीच्या एका शेडमध्ये लेथ चालवायचा. त्यानं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवला आणि मला घडवलं. माझ्याआधी एक भाऊ घडला होता, पण तो आट्यांत जरा सैल बसला म्हणून बुद्धरत्ननं तो फेकून दिला. चालवून घेऊ, असं तो म्हणाला नाही. माझं टोक त्यानं गोल करून घासलं, लिव्हरला ओरखडा पडू नये म्हणून. मला हिंदुरावांच्या तळहातावर ठेवत तो म्हणाला, "भाऊ, गाडी येईना का विलायतेहून. सिग्नलला उभी राहील ती भोसरीच्या जोरावर." त्या दिवसापासून माझी छाती फुगलेली आहे, ती अजून उतरलेली नाही.

हिंदुरावांच्या हाताचं कौतुक किती करावं! ते मूळचे कराडकडचे, उमेदीची सगळी वर्षं चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकणाऱ्या मशीनींच्या धडधडीत गेली. दर रविवारी ते गाडीला देहूच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आणायचे, कारण इंजिन गरम झाल्याशिवाय मला हात लावायचा नाही हा त्यांचा नेम. मग बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, कान पुढं करायचा आणि पेचकसानं मला केसभर फिरवायचं. इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा कधीचाच मेला होता. त्यांना त्याची गरजही नव्हती. शेवटी इंजिनावर पाण्यानं भरलेलं फुलपात्र ठेवायचं. पाण्यावर नुसता शहारा आला की काम झालं. लाट उठली तर पुन्हा मला फिरवायचं. दरवेळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा, सुमनताईंचा आवाज यायचा, "आता जरा माणसात आली गाडी." त्या कटकट केल्यासारखं बोलायच्या, पण त्यांचं नेमकं त्याच क्षणाला बोलणं व्हायचं. हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पण मित्रांनो, प्रेस शॉपची धडधड माणसाकडून काहीतरी घेऊन जाते. हिंदुराव रिटायर झाले आणि हळूहळू त्यांचे कान गेले. मुलीनं, स्वरूपानं, कानाचं मशीन आणून दिलं. ते लावलं की इंजिन पत्र्याच्या डब्यासारखं वाजतं म्हणून त्यांनी ते खिशातच ठेवलं. मला फिरवताना त्यांचा हात आता अडखळायला लागला. मला ते फार लागायचं.

एकदा नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मी लिव्हर धरून होतो, पण मला आत पिळलंच होतं कमी, माझा काय इलाज? मागं हॉर्नचा गोंधळ उडाला. सिग्नल हिरवा झाला आणि हिंदुराव मेलेल्या गाडीचा गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबत बसले. त्यांना ती चालूच वाटत होती. शेवटी शेजारी बसलेल्या सुमनताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला तेव्हा त्यांना कळलं. घरी आल्यावर म्हणाले, "ज्याला गाडी बंद पडलेली कळत न्हाई, त्यानं गाडी ठिवू नये."

वाकडला रविराज नावाचे एक साहेब राहतात. भला माणूस, जुन्या गाड्यांचं वेड असलेला. त्यांनी ही गाडी कितीदा मागितली होती. हिंदुरावांनी त्यांना निरोप धाडला, दसऱ्याला दुपारी या. सकाळी मी माझ्या हातानं गाडीचं आयडलिंग लावून बघतो. जमलं तर गाडी माझी, न्हाई तर तुमची. हे ऐकून माझी स्प्रिंगच आवळली. सुमनताई तर दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या भागातल्या शेडशेडमधून हत्यारांची पूजा होते आणि कुणी हत्याराला हात लावत नाही. हिंदुरावांच्या कंपनीत हार मशीनच्या कव्हरला नाही, खुद्द मशीनला घालायचे. तोच रिवाज घरी. बॉनेट उघडून पेचकस, पाने, सगळं इंजिनाशेजारी मांडलं. मलासुद्धा हळदीकुंकवाचं बोट लागलं. सुमनताईंनी पिंपरीच्या मंडईतून आणलेली झेंडूची माळ कार्बोरेटरभोवती घट्ट बांधली, हात जोडले आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. काय मागत होत्या ते मला न सांगता कळलं.

दसऱ्याला सकाळी त्यांनी माळ काढायला ओढली. ती तुटली. फुलं हातात आली, आणि तिचा नायलॉनचा दोरा लिव्हरच्या मागच्या अंगाला गाठ आवळून तसाच राहिला. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मला तोंड कुठं आहे?

गाडी चक्कर मारून आली. शेडमध्ये उभी केली तर इंजिन नुसतं बोंबलतंय! दोऱ्यानं लिव्हर मागं ओढून धरला होता, झडप उघडीच. हिंदुरावांनी फुलपात्र ठेवलं तर पाणी काठावरून सांडलं. त्यांनी मला बाहेर काढायला सुरुवात केली. थोडं, आणखी थोडं. माझी स्प्रिंग सैल पडली, तरी पाणी सांडतच होतं. कसं थांबेल? लिव्हर माझ्या टोकाला टेकतच नव्हता! मी जीव तोडून ओरडत होतो, अहो, मला पिळू नका, मागं बघा मागं! पण स्क्रूचं ऐकतंय कोण?

हिंदुरावांनी पेचकस खाली ठेवला. "बंद कर," ते सीटवर बसलेल्या स्वरूपाला म्हणाले. "रविराज साहेबांना सांग, दुपारपर्यंत थांबू नका म्हणावं. येऊन घेऊन जावा." स्वरूपानं चावी फिरवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. सुमनताई दारातच बसल्या.

मग हिंदुराव परत इंजिनाकडं आले. म्हणाले, "गाडी त्यांची. पण ह्यो स्क्रू बुद्धरत्नानं मला दिलेला हाय. एवढा मी ठिवून घेतो." आणि मला काढण्यासाठी त्यांनी माझ्या टोकाशी बोट घातलं. बोट थबकलं. माझ्यात आणि लिव्हरमध्ये फट होती, एवढी की बोटाचं टोक आत गेलं. ते बोट लिव्हरवरून मागं सरकलं आणि गाठीवर येऊन थांबलं. मित्रांनो, मला मिठी मारता येत असती तर मी त्या बोटाला मारली असती.

त्यांनी ब्लेडनं दोरा कापला आणि वर धरला. त्याला झेंडूची एक पाकळी अजून चिकटलेली होती. सुमनताई उठल्या. "माळ मी बांधली होती," त्या म्हणाल्या. "गाडी घरात राहावी म्हणून बांधली होती."

हिंदुरावांनी दोरा खिशात ठेवला. त्यांनी स्वरूपाला गाडी चालू करायला सांगितलं आणि इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवला. स्वरूपानं पाय उचलला. मी इतका बाहेर काढलेला होतो की लिव्हर माझ्यापर्यंत पोचला तोवर झडप मिटली आणि इंजिन थांबलं. कुणी काही सांगायच्या आधी हिंदुराव म्हणाले, "बंद पडली." आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिले. "सुमन, मला कळलं."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. हिंदुरावांचा एक हात पेचकसावर, एक इंजिनावर, डोळे फुलपात्रावर. समोर सुमनताई कान देऊन उभ्या. मी केस केस आत जात होतो. लिव्हर माझ्या टोकावर पुरता टेकला आणि माझा जीव भांड्यात पडला. पाण्यावर शहारा आला, त्याच क्षणी सुमनताईंनी हात वर केला. इतकी वर्षं खिडकीतून ऐकलेला आवाज त्यांच्या कानात पक्का बसला होता. हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं.

दुपारी रविराज साहेब आले. हिंदुरावांनी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं, "सोनं घ्या साहेब, गाडी न्हाई मिळायची." साहेबांनी चालू इंजिनावरच्या फुलपात्रात पाण्याचा नुसता शहारा पाहिला. मग मोकळेपणानं हसले आणि चहा पिऊन गेले.

संध्याकाळी आम्ही नाशिक फाट्याला गेलो. सिग्नल लाल झाला, लिव्हर माझ्यावर येऊन टेकला. हिंदुरावांनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला. "चालू हाय," ते म्हणाले. सुमनताईंनी त्यावर आपला हात ठेवला. "हाय की," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या डोक्यावरची खाच आता झिजत आली आहे. एवढंच मागतो. गाडी असो की घरातलं माणूस, बिनसलं म्हणून लगेच पिळायला धावू नका. आधी जवळ जा, बोट लावून बघा. कुठंतरी एखादा दोरा अडकलेला असतो, आणि पुष्कळदा तो कुणीतरी मायेनंच बांधलेला असतो.