जाऊबाई नापास

थोरल्या जाऊबाईंना मी नापास केलं, ही हकिकत आमच्या घरात अजून चवीने सांगितली जाते. ज्याला जशी सोयीची तशी तो सांगतो. म्हणून एकदा मीच सांगते.

कामाच्या ठिकाणी जो प्रथमोपचार करावा लागतो, त्याची मी परीक्षक आहे. बारा वर्षं इस्पितळात नर्स होते. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या पाठोपाठ मी. आता कारखाने, गोदामं, कचेऱ्या असं फिरते. प्रत्येक पाळीत प्रथमोपचार येणारी निदान दोन माणसं हवीत असा नियम आहे. कागदावर ती सगळीकडे असतात. त्यांना खरंच काही येतं का, हे मी बघते. सोबत चाकांची बॅग असते आणि बॅगेत धडोबा. धडोबा म्हणजे छाती दाबायच्या सरावाचा रबरी पुतळा. कमरेखाली त्याला काहीच नाही, त्यामुळे त्याच्यावर होऊ शकणारे सगळे विनोद माझे ऐकून झाले आहेत.

जाऊबाई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री विभागाच्या मुकादम. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे ढिगाने येतात आणि खोलीएवढ्या तापलेल्या रोलरमधून कडक होऊन बाहेर पडतात. तिथे त्यांच्या हाताखाली बावीस बायका. घरी आम्ही पाच जण. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला कांदा कसा चिरायचा ते शिकवलं. मला कांदा चिरता येत होता, पण हे त्यांना सांगायची हिंमत यायला सात वर्षं लागली.

परीक्षेच्या यादीत त्यांचं नाव दिसलं तसा मी साहेबांना फोन लावला.

"साहेब, ही माझी सख्खी जाऊ आहे. मला ही परीक्षा नको."

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटल्याचा आवाज मला ऐकू येत होता. "आई-वडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं," ते म्हणाले. "जाऊ यादीत नाही."

"नियम करणाऱ्याला जाऊ नसणार."

"बाई, दुसरे परीक्षक हर्नियाचं ऑपरेशन करून घरी पडलेत. तुम्हीच जा. व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे झालं."

गेले. परीक्षा इस्त्री विभागाच्याच एका कोपऱ्यात होती. मागे रोलर धडधडत होते, हवा दमट आणि साबणाच्या वासाची. जखमी म्हणून तिथलीच एक कामगार बाई दिली होती. सगळे तिला चिमणी म्हणत. ती माझ्या दुप्पट होती.

"नमस्कार," मी जाऊबाईंना म्हणाले. "मी तुमची परीक्षक."

"माहितीये मला तू कोण आहेस ते," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

लेखी परीक्षेत त्यांना वीसपैकी वीस. धडोबाची छाती त्यांनी अशी दाबली की त्याच्या आतली स्प्रिंग कळवळली. वेग बरोबर, खोली बरोबर, तीस दाब झाले की दोन श्वास, कुठे चूक नाही. मी खूण करत गेले आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडत गेले.

मग शेवटचा प्रसंग. चिमणी रोलरशेजारी निपचित पडलेली, मुठीत मशीनची वायर. ती वायर कशालाच जोडलेली नव्हती, पण जे दिसेल ते खरं धरायचं हे मी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. आधी थांबायचं, आपल्याला काय धोका आहे ते बघायचं, वीज बंद करायची. मगच हात लावायचा. एवढं चुकलं की बाकी सगळं शंभर टक्के असलं तरी नापास.

"सुरू करा," मी म्हणाले.

जाऊबाई धावल्या. साडीचा पदर खोचायलाही थांबल्या नाहीत. दोन ढांगांत चिमणीपाशी पोचल्या आणि तिचे दोन्ही खांदे गच्च धरून गदागदा हलवले.

मी वही मिटली. "वहिनी, तुम्ही मेलात."

"काय?"

"वायर तिच्या हातात आहे. वीज चालू आहे. तुम्ही तिला धरलंत. आता इथे दोघी पडल्यात."

बावीस जोडी डोळे आमच्याकडे वळले. चिमणीने बेशुद्धपणा सोडून एक डोळा उघडला.

"मी मेले?" जाऊबाई म्हणाल्या. "बरं. मग रविवारचा स्वयंपाक तू कर."

मॅनेजर लगबगीने आले. "बाई, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला..."

"एवढ्याशा गोष्टीनेच माणूस जातो, साहेब," मी म्हणाले आणि सही केली. पंधरा दिवसांनी फेरपरीक्षा.

रविवारी सगळे थोरल्या दिरांकडे जेवायला जमतो. स्वयंपाक जाऊबाईंनीच केला होता, कारण माझ्या हातचं मामंजी खात नाहीत. मामंजी म्हणजे आमचे सासरे, वय ब्याऐंशी, ऐकू कमी येतं पण भांडणाचं सगळं येतं. जाऊबाई माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या बायकोला विचारा, भात वाढू का? की आधी धोका तपासायचाय?"

"वाढा," मी म्हणाले.

"काय म्हणाली ती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

नवरा ताटात बघत बसला. तो अशा वेळी नेहमी ताटातच असतो.

जेवणं झाल्यावर जाऊबाईंनी पदराला हात पुसले आणि जाहीर केलं, "मला तो व्हिडिओ बघायचाय. उमेदवाराला हक्क आहे म्हणे." हक्क होता. दिरांनी माझा फोन टीव्हीला जोडला आणि सगळं घर सिनेमाला बसावं तसं बसलं.

"ही मेलेली बाई डोळे का उघडतीये?" मामंजींनी विचारलं.

"मला घाबरून," जाऊबाई म्हणाल्या.

"बरोबर आहे," मामंजी म्हणाले.

जाऊबाईंनी ते धावणं परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी कुणी हसलं नाही, कारण त्या हसत नव्हत्या. उठून आत गेल्या. थोड्या वेळाने भांडी आवरायच्या निमित्ताने मीही गेले. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. आठवड्यात पहिल्यांदा त्या थेट माझ्याशी बोलल्या.

"सहा वर्षांपूर्वी एकीचा हात रोलरमध्ये गेला. चादरीबरोबर. मी चार पावलांवर होते आणि नुसती उभी राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मशीन दुसऱ्याच कुणीतरी बंद केलं. तिची दोन बोटं गेली." त्यांनी नळ उगाचच सोडला आणि बंद केला. "तेव्हा ठरवलं, पुन्हा असं झालं तर आधी पाय उचलायचे. आणि तू म्हणतेस थांबा."

निकाल मात्र बदलावासा वाटला नाही, आणि तो बदल असं त्याही म्हणाल्या नाहीत.

"वहिनी, त्या मशीनचं बटण कुठे होतं?"

"माझ्या मागे. भिंतीवर."

"म्हणजे धावला असतात तर बटणापासून लांब गेला असतात."

त्यांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिलं. मग एकदम भडकल्या. "हे तू मला आठवडाभर आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात."

"फोन करायचास ना!"

"थांबणं म्हणजे नुसतं उभं राहणं नाही," मी म्हणाले. "पाय जागेवर ठेवा आणि तोंड सुटू द्या. 'वीज बंद करा' म्हणून ओरडा. तुम्हाला तोंड सोडायला कुणी शिकवायला नको."

शेवटचं वाक्य माझ्याकडून निसटलं. पण जाऊबाई फसकन हसल्या आणि मला भिजलेलं फडकं फेकून मारलं.

पुढचे आठ दिवस त्या घरात कुणाला निवांत आडवं होता आलं नाही. थोरले दीर मिक्सरची वायर हातात धरून सतरंजीवर पडत, आणि दोनदा तर खरंच झोपून गेले. मामंजींनी खुर्चीत मान टाकली की त्यांना कुशीवर वळवलं जाई. तिसऱ्या दिवसापासून ते डोळे उघडे ठेवून झोपू लागले, असं दिरांचं म्हणणं. दारावरची बेल वाजली तरी जाऊबाई आधी खोलीभर नजर फिरवत, बोट रोखत आणि मोठ्याने म्हणत, "धोका नाही!" मग दार उघडत.

फेरपरीक्षा मी घेतली नाही. हर्नियावाले परीक्षक परत आले होते, आणि या वेळी साहेबांना नाही म्हणायची संधीच मी दिली नाही. पुढचं त्या परीक्षकांकडून ऐकलेलं.

चिमणी पडली. मुठीत वायर. जाऊबाईंनी एक पाऊल उचललं, थांबल्या, छातीभर श्वास घेतला आणि ओरडल्या, "वीज बंद करा!"

आवाज चार विभागांत गेला. ही परीक्षा चालू आहे हे धुलाईवाल्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी मुख्य खटकाच खाली ओढला. रोलर थांबले, धुलाईची मशीनं पाण्यासकट थांबली, दिवे गेले, आणि वाफ सुस्कारा टाकून बसली. तीनशे चादरी अर्ध्या ओल्या. अंधारात फक्त जाऊबाईंचा आवाज, "आता श्वास बघते. एक, दोन, तीन..." आणि चिमणीचा, "चालू आहे हो, मुकादम!"

मॅनेजर बॅटरी घेऊन धावत आले आणि त्यांनी परीक्षकांना फैलावर घेतलं. परीक्षक म्हणाले, "साहेब, थांबवा म्हटल्यावर जिथे सगळं खरंच थांबतं, अशी जागा मी यंदा पहिल्यांदा बघतोय." त्यांनी पास लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात 'आवाज उत्तम' असंही लिहिलं. मी त्यांच्या जागी असते तर माझ्याच्याने ते लिहवलं नसतं.

आता दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जाऊबाई इस्त्रीवाल्या बायकांचा वर्ग घेतात. मला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं बोलावलं. मला वाटलं व्याख्यान द्यायचं असेल, म्हणून टिपणं काढून नेली.

"ती टिपणं ठेव तिकडे आणि आडवी हो," त्या म्हणाल्या.

मी गार फरशीवर आडवी झाले. बावीस बायका गोल करून माझ्याकडे वाकून बघत होत्या. जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हं, आता बघा," त्या बायकांना म्हणाल्या. "ही बेशुद्ध आहे. अगं, अशी काय पडलीस? बेशुद्ध माणूस असा श्वास घेतो का? पोटातून घे."

मी पोटातून घेतला.